दाराबाहेरची पाटी

मुकादम मॅडमना किती वाजले असं विचारायचं असेल, तर हाताशी थोडी फुरसत ठेवावी लागे. त्या आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग तोंड किंचित वाकडं करत आणि सांगत, "सव्वा अकरा. दोन मिनिटं इकडेतिकडे." ते 'इकडेतिकडे' कधी सुटायचं नाही. वॉचमनने विचारलं तरी तेच आणि मालकांनी विचारलं तरी तेच. एकदा कुरियरवाल्याने पावतीवर वेळ टाकायची म्हणून विचारलं, तर त्यालाही त्यांनी उभ्या उभ्या ऐकवलं, की घड्याळ वेळ सांगतं, पण आपल्याला किती बारीक दिसतं ते आपणहून सांगत नाही, ते आपण विचारायचं असतं. कुरियरवाला अर्धवट सही घेऊन पळाला.

एका गणपतीत त्या आमच्या तळवलीच्या घरी आल्या होत्या. आईने चुलीवर भात ठेवला होता आणि ती ओटीवर गप्पा मारत बसली होती. तिने सहज विचारलं, "किती वाजलं गो?" मॅडमनी नेहमीप्रमाणे वेळ सांगितली आणि पुढे दोन मिनिटं जोडली. आई जागची उठली आणि म्हणाली, "दोन मिनटांनी माजा भात करपत नाय, सरल सांग." मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे वर्षभर त्या ऑफिसात हा किस्सा स्वतःच सांगत, आईच्या आवाजासकट. मी समोर असलो तर जास्तच.

आमची कंपनी म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेला एक गाळा. खाली जोडणी, वर ऑफिस. आम्ही एकच वस्तू बनवायचो. पत्रा दाबणारं प्रेस मशीन थांबायला किती वेळ घेतं, ते मोजणारी पेटी. प्रेससमोर हल्ली प्रकाशाचा पडदा असतो, म्हणजे दोन खांब आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे किरण. कामगाराचा हात त्यात शिरला की मशीनला ब्रेक लागतो. पण ब्रेक लागला म्हणून एवढं मोठं धूड जागच्या जागी थांबत नाही, थोडं खाली येतंच. तेवढ्या वेळात हात साच्यापर्यंत पोचता कामा नये. म्हणून पडदा साच्यापासून किती लांब लावायचा, हे आमच्या पेटीच्या आकड्यावरून ठरायचं. वेळ कमी निघाला तर पडदा जवळ, जास्त निघाला तर लांब. कारखानदारांना तो जवळच हवा असतो, कारण लांब लावला की कामगाराला वाकावं लागतं आणि काम सावकाश होतं. मी या पेट्या घेऊन कारखान्यांत फिरायचो, मापं काढायचो, खुणा करून द्यायचो. पेटीच्या आतलं डोकं मात्र सगळं मॅडमचं.

नसीमा मुकादम मूळच्या पनवेलच्या बाजूच्या, खाडीकाठच्या गावातल्या. राहायच्या कामोठ्याला. पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, आवाज मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये माइक न लागणारा. डब्यात तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोलंबीचं, काहीतरी. माझ्या डब्यातही तेच असायचं, त्यामुळे कुणाच्या घरचे सोडे खरे यावर आमची रोज हुज्जत चाले. कामात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. नम्रपणा हा गुण त्यांना कुणी कधी चिकटवला नाही. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचताना त्या 'च्च' असा एक आवाज काढत, आणि तो आवाज ऐकला की ज्याचा प्रोग्राम असे तो चहाला निघून जाई.

आणि त्या खुर्चीतून उठत नसत. आळस नव्हे, तत्त्व म्हणून. पाण्याची बाटली, चार्जर, फाइल, सगळं हाताच्या अंतरावर. एखादी गोष्ट विचारायला कुणी मालकांच्या केबिनकडे निघालं, की त्या मागून हाक मारत, "ए पाटील, उठून कशाला जातो? पाटी वाच."

या 'पाटी वाच'मागे एक मोठी गोष्ट होती, आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती ऐकावी लागे. मीही ऐकली. संगणकाच्या आत कर्नल नावाचा एक साहेब असतो. घड्याळ, मेमरी, सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. आपले प्रोग्राम बाहेरच्या खोलीत बसून काम करतात. काही हवं असलं की केबिनचं दार वाजवायचं, आत जायचं, विचारायचं, परत यायचं. यात वेळ जातो. एरवी तो कळतही नाही, पण आमची पेटी एका सेकंदात हजारो वेळा घड्याळ बघायची, आणि प्रत्येक वेळी त्या घड्याळाची बारकाई किती हेही विचारायची. एवढ्या खेपा घातल्या तर मोजायचं कधी? म्हणून साहेब शहाणपणा करतो. तो केबिनच्या दाराबाहेर एक पाटी लावतो आणि तीवर वेळ लिहीत राहतो. प्रोग्रामने खुर्चीतून मान वर करायची, पाटी वाचायची, काम चालू. साहेबाला त्रास नाही, आपल्याला खेप नाही.

"आमच्या गावच्या मशिदीत होती तशी पाटी," मॅडम सांगत. "लाकडी तक्ता, त्याच्यावर घड्याळाच्या तबकड्या रंगवलेल्या. फजर, जोहर, असर, सगळ्यांची वेगळी. काटे पत्र्याचे. लोक रस्त्यावरून जाता जाता बघायचे, नमाज किती वाजता. आत जाऊन कुणाला विचारायला नको. अब्बांकडे होतं ते काम."

वेळेची पाटी तर सगळ्याच संगणकांत तयार असते. मॅडमनी पुढचं पाऊल टाकलं होतं. घड्याळाला किती बारीक दिसतं, हे उत्तरसुद्धा त्यांनी पाटीवर आणलं होतं. आमच्या पेटीतल्या बोर्डासाठी, म्हणजे आतल्या छोट्या संगणकासाठी, कर्नलमध्ये स्वतः हात घालून त्यांनी ते केलं, आणि पेटीचा वेग असा वाढला की मालक सावंतसाहेबांनी आम्हाला वाशीला जेवायला नेलं. तिथेही मॅडमनी वेटरला पाटीची गोष्ट सांगितली. आम्ही लाजेने मेन्यूकार्डात तोंडं घातली. तेव्हाची ती लाज हलकी होती, हसून विसरायची.

सावंतसाहेबांनी मधल्या काळात बोर्ड बदलला. जुना मिळेनासा झाला होता, नवा बरा वाटला, पेट्या चालत होत्या. बसवायला मीच जात होतो. कुणाची काही तक्रार नव्हती.

एका दुपारी मी दोन-तीन कारखान्यांची मापं मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्या जेवत होत्या. डाव्या हाताने त्यांनी कागद पुढे ओढला, घास चावता चावता वाचला, आणि चावणं थांबलं.

"पाटील, हे सगळे आकडे शून्यावर का संपतात?"

मी म्हटलं, "मशीन चांगली आहेत, मॅडम."

"मशीन चांगलं असलं म्हणून काय असं शहाण्या पोरासारखं ओळीत बसतं? कुठली पेटी होती?"

"नवीन बोर्डवाली."

त्यांनी हात धुतले नाहीत. डाव्याच हाताने चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. तो एकच प्रश्न दोन ठिकाणी विचारत होता. घड्याळाला किती बारीक दिसतं, हे एकदा पाटीला, एकदा केबिनमध्ये जाऊन साहेबाला. पाटीने सांगितलं, सेकंदाचा अब्जावा भाग. साहेबाने सांगितलं, सेकंदाचा शंभरावा भाग.

मला पटकन कळलं नाही. मॅडमना कळलं होतं. नव्या बोर्डात बारीक घड्याळ नव्हतंच. ते सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या, म्हणजे दहा-दहा मिलिसेकंदांच्या, उड्या मारत चालत होतं, आणि दोन उड्यांच्या मध्ये काय झालं ते त्याला दिसतच नव्हतं. कर्नलला हे ठाऊक होतं. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. पण कुणी विचारत नव्हतं, कारण पाटी होती. वेळेची पाटी साहेब स्वतः लिहायचा, पण बारकाईचा तो आकडा मॅडमनी जुन्या बोर्डाच्या वेळी आपल्या हाताने पक्का लिहून ठेवलेला. त्या दिवशी तो खरा होता.

आता घड्याळ जेवढं जाडं, तेवढी मापात सूट धरायची, तेवढा पडदा मागे, हे आमच्या पेटीत आधीपासूनच होतं. ती सूट पाटीवरून घेतली जायची. पाटी म्हणत होती घड्याळ बारीक आहे, म्हणून सूट जवळजवळ शून्य. सेकंदाच्या शंभराव्या भागात घाईतला हात साधारण एका बोटाच्या रुंदीएवढा पुढे जातो. म्हणजे नव्या पेटीने जिथे जिथे माप निघालं, तिथे पडदा एक बोट जवळ होता.

मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, म्हणजे संगणकाच्या. बोटांवरचं जेवण वाळलं.

"अब्बा एकदा तापाने पडले होते," त्या म्हणाल्या. "काटे कुणी फिरवलेच नाहीत. लोक पाटी बघून आले आणि जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, होऊन गेलेली. सगळे अब्बांच्या नावाने बोलत होते. मी तिथेच उभी होती." मग म्हणाल्या, "हे तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही ना? पाटीची अर्धीच गोष्ट सांगितली."

सावंतसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. तुम्ही दुरुस्त करा, आपण सगळ्यांना नवीन सॉफ्टवेअर पाठवू. सुधारणा म्हणून पाठवू. चूक वगैरे शब्द नको."

"साहेब, पाठवा. पण पडदे मागे कोण सरकवणार? सॉफ्टवेअर सरकवणार?"

साहेब म्हणाले, "मग पाटीलला पाठवू. नेहमीची तपासणी म्हणून. तो मापं काढेल, खुणा बदलेल."

"मी जाते," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या.

असे आम्ही दोघं कंपनीच्या व्हॅनमधून निघालो. मी गाडी चालवायचो, पेटी उचलायचो. मॅडम आत शिरून, जो कोणी जबाबदार माणूस भेटेल त्याला सांगायच्या, "तुमच्या पडद्याचं माप चुकलंय. आमच्या पेटीत चूक होती. ती चूक मी केली." एवढंच. आणि हे सगळं त्या माइक न लागणाऱ्या आवाजात. आजूबाजूची मशीनं बंद असली तर ते शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. मला जमिनीत शिरावंसं वाटायचं. मी पेटीची वायर गुंडाळत बसायचो, गुंडाळलेली सोडून परत गुंडाळायचो. एका मॅनेजरने तर त्यांना बाजूला घेऊन अगदी काकुळतीने सांगितलं, "मॅडम, हळू बोला ना, वर ऑडिटवाले बसलेत." दुसऱ्या ठिकाणी मालकाला काही समजलंच नाही, त्याला वाटलं आम्ही नवीन पेटी विकायला आलोय. त्याने आम्हाला सरबत पाजलं. मॅडमनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. परत येताना व्हॅनमध्ये मी म्हटलं, "मॅडम, पडदा सरकवला, काम झालं. दर वेळी 'मी केली, मी केली' कशाला? आमची मान खाली जाते."

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "माझी तर पार गुडघ्यापर्यंत गेलीये."

पुढे पावणे औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना आला. नाव सांगत नाही, तसे तिथे गल्लोगल्ली आहेत. पत्र्याचे डबे दाबायचा कारखाना, छपराखाली ओळीने प्रेस, आणि उकाडा असा की पेटीचा हँडल हाताला चिकटावा. सुपरवायझर कदम म्हणून होते. मॅडमनी त्यांना आपलं वाक्य ऐकवलं. कदमांचा चेहरा बदलला. त्यांनी टोकाच्या प्रेसकडे बघितलं.

त्या प्रेसवर जाधव नावाचा माणूस काम करत होता. सोलापूरकडचा, चाळिशीचा, अंगाने सडपातळ. आम्हाला बघून त्याने मशीन थांबवलं आणि कपाळावरचा घाम उजव्या हाताने पुसला. उजव्या हाताची तर्जनी वरच्या पेरापासून नव्हती. जखम जुनी नव्हती. कातडी अजून गुलाबी होती.

मॅडमनी विचारलं, "हे कधी?"

"झालं की आता, चार-सा महिनं," जाधव म्हणाला.

पेटी मी त्याच्याही आधी आणली होती. मापही मीच काढलं होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

"पडदा चालू होता?"

"चालूच होता," कदम लगेच म्हणाले. "आमच्याकडे पडदा कुणी बंद करत नाही."

पडद्याच्या डब्याला चावी लटकत होती. पडदा बंद करायची चावी. ती ऑफिसात कुलपात असायला हवी होती, आणि तिथे लटकून लटकून तिचा रंग गेला होता. मी ती पाहिली. पडदाच बंद असेल तर दोष आमच्या मापाचा नाही, असं मनात येऊन मला एकदम हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की मी डोळे दुसरीकडे वळवले. माणसाचं बोट गेलंय आणि मी चावी बघून खूश होतोय.

जाधवानेही माझी नजर पकडली असावी. तो म्हणाला, "न्हाई मॅडम, पडदा बंद व्हता. मीच फिरवली व्हती चावी. माल आर्जंट व्हता, घाई व्हती. माजीच चूक. तुमी कशाला वाईट वाटून घेता?"

कदम म्हणाले, "अरे जाधव, काय बोलतोस? चालू होता."

"बंद व्हता, सायब."

आता यातलं खरं काय? कदमांना पडदा बंद होता हे कबूल करणं परवडणारं नव्हतं, कारण चावी तिथे राहिली ती त्यांच्यामुळे. म्हणून ते चालू होता म्हणणारच. आणि जाधव? समोर एक बाई उभी होती, त्याच्या आईच्या वयाची नसली तरी थोरल्या बहिणीच्या वयाची, आणि 'चूक मी केली' म्हणून तिचा चेहरा उतरला होता. त्याच्यासारखा माणूस अशा वेळी काय म्हणेल, हे मला आजही सांगता येणार नाही. तो खरंही बोलत असेल.

मॅडम म्हणाल्या, "जाधव, माझ्याकडे बघून सांगा. खरं सांगा."

"खरंच सांगतोय, मॅडम," जाधव म्हणाला. त्याने त्यांच्याकडे बघितलंही. पण तेवढ्याने त्यांना काही मिळालं नाही.

आम्ही दुरुस्त केलेल्या पेटीने माप काढलं, सूट धरली. पडदा मागे सरकवायला हवा होता. मी जुन्या खुणेच्या मागे नवी खूण केली. मॅडम खाली वाकल्या आणि त्यांनी आपली तर्जनी त्या दोन खुणांच्या मध्ये आडवी ठेवली. ती तिथे नीट बसली. मी म्हटलं, "मॅडम, उठा, तेल लागेल." त्या उठल्या तेव्हा तेल लागलेलंच होतं.

निघताना जाधवाने चहा आणला. दोन ग्लास, दोन्ही उजव्याच हातात धरलेले, तीन बोटं आणि अंगठा. ग्लास गरम होते, आणि चौथं बोट अपुरं असल्यामुळे त्याला ते सारखे सावरावे लागत होते. मॅडमनी पुढे होऊन दोन्ही ग्लास त्याच्या हातून घेतले आणि एक मला दिला. चहा फार गोड होता. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला. एरवी साखर दिसली की त्या ग्लास परत पाठवत.

त्यानंतरचा आठवडा त्यांनी जाधवाच्या प्रेसचं जुनं माप समोर ठेवून काढला. त्या मापातून काही निघतंय का, मशीन त्या दिवशी नक्की किती वेळात थांबत होतं, पडदा चालू असता तर हात वाचला असता का, एवढंच त्यांना हवं होतं. कागदावर कागद. मी एकदा विचारलं, "काय निघालं?"

"काय निघणार? त्या घड्याळाला तेवढं बारीक दिसतच नव्हतं. जे बघायचंय ते बरोबर दोन उड्यांच्या मध्ये आहे." त्यांनी कागद बाजूला सारला. "म्हणजे माझ्या चुकीने गेलं का नाही, हे माझ्या चुकीमुळेच कळणार नाही. कमाल आहे ना?"

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "जाधव स्वतः सांगतोय ना, मॅडम." त्यांनी 'च्च' केलं. त्यांचा तो आवाज मी तेव्हा शेवटचा ऐकला.

कायमची दुरुस्ती त्यांनी त्यानंतर केली आणि फार सुंदर केली. पाटी ठेवली, पण तिच्यावरचा आकडा आता हाताने लिहिलेला नव्हता. पेटी चालू होताना कर्नल स्वतःकडचा आकडा पाटीवर लिहायचा, घड्याळ बदललं तर पुसून नवा लिहायचा. आणि एक तपासणी लिहिली, जी पाटीला आणि केबिनला एकच प्रश्न विचारायची आणि उत्तरं जुळली नाहीत तर पेटी आमच्या गाळ्याबाहेर जाऊच द्यायची नाही. वेग तेवढाच राहिला. सावंतसाहेब पुन्हा जेवायला न्यायला निघाले, मॅडम आल्या नाहीत.

बाकी माणूस मात्र बदलला. 'पाटी वाच' हे शब्द ऑफिसातून गेले. कुणी मजेने म्हटलं तरी बाकीचे दचकायचे. मॅडम आता प्रत्येक गोष्टीला उठायच्या. खाली जोडणीत किती पेट्या तयार आहेत हे संगणकावर दिसत असलं तरी जिना उतरून बघून यायच्या. पाण्याला उठायच्या, फाइलला उठायच्या. गुडघे दुखायचे तरी उठायच्या. आणि कुणी वेळ विचारली तर सांगेनाशा झाल्या. "मोबाइलमध्ये बघ ना," म्हणायच्या. मनगटावरचं घड्याळ टेबलाच्या खणात गेलं. ऑफिसात आम्ही सगळे त्यांच्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलू लागलो, दुखणाइताशी बोलावं तसं, आणि ते त्यांना अजिबात सोसायचं नाही. आईने डबाभर सोड्यांचं कालवण पाठवलं, तर मला म्हणाल्या, "आईना सांगितलंस वाटतं." मी सांगितलं होतं. त्यांनी डबा घासून परत दिला, पण कुणाचे सोडे खरे यावर भांडल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. पनवेलच्या बाजूला एका कॉलेजात शिकवतात असं ऐकलं. फोन करावा असं अनेकदा मनात आलं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात पावण्याला दुसऱ्या एका कारखान्यात पेटी पोचवून मी परतत होतो. रस्त्यात ट्रक आडवा लागलेला, म्हणून व्हॅन उभी होती. समोरच जाधवाचा कारखाना. त्याच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मुकादम मॅडम बसलेल्या दिसल्या. बाजूला आमचीच एक जुनी पेटी, दुरुस्त केलेली, कापडी पिशवीत. जाधव शेजारी उभा होता. वॉचमन मला ओळखत होता. तो जवळ येऊन म्हणाला, "या मॅडम दोन-तीन महिन्यांनी येतात. त्या एका प्रेसचं माप घेतात, चहा पितात, जातात. कदम सायबांनी पयलं नको म्हटलं, आता काय बोलत नाय."

मी खाली उतरलो, पण पुढे गेलो नाही. व्हॅनच्या आडोशाला उभा राहिलो.

जाधव म्हणाला, "किती वाजलं, मॅडम? जेवणाची सुट्टी संपंल."

मॅडमनी मोबाइल बघितला. मग टपरीवाल्याला विचारलं, "तुमच्यात किती झाले?" त्याने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पाऊण वाजला."

"दोन मिनटं इकडंतिकडं?" जाधव हसत म्हणाला. त्याला हे कुणी सांगितलं असेल? त्यांनीच सांगितलं असणार. कधीतरी त्याच टपरीवर, जुन्या मॅडमची गंमत म्हणून.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माहीत नाही, जाधव. खरंच माहीत नाही."

ते दोघं आत गेले. शटर अर्धं वर होतं, सुट्टीमुळे बाकीची मशीनं बंद होती, आणि शटराजवळची ती टोकाची प्रेस मला रस्त्यावरून दिसत होती, तिथलं बोलणंही ऐकू येत होतं. मॅडमनी पेटी लावली. माप काढताना पडद्यात लाकडी दांडी घालायची असते, मीच वर्षानुवर्षं घातलीय. दांडी भिंतीला टेकून उभी होती. जाधवाने मशीन चालू केलं. प्रेस खाली येऊ लागली आणि मॅडमनी दांडी न घेता आपला उजवा हात सरळ पडद्यात घातला.

मशीन थांबलं. वेळेत थांबलं, साच्याच्या बरंच वर. हात साच्यापासून लांब होता, जिथे असायला हवा तिथेच. माप पेटीत आलं असणार, तिचा हिरवा दिवा लागलेला मला रस्त्यावरून दिसला. पण मॅडमनी हात मागे घेतला नाही. पाची बोटं पसरून तसाच धरून ठेवला. माझ्यामागचे हॉर्न वाजायला लागले, ट्रक निघाला होता, आणि मला तिथून हलता येईना.

जाधव पुढे आला. त्याने आपल्या अपुऱ्या बोटाच्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"थांबलंय, मॅडम," तो म्हणाला. "काढा आता हात."